किंमत झाकून प्या

घरी कुणी वाइनची बाटली घेऊन आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘केवढ्याला पडली?’ साडेसातशे म्हटलं की बाटली ओट्यावर जाते. साडेतीन हजार म्हटलं की बैठकीच्या खोलीत, टीपॉयच्या मधोमध. बूच अजून निघालेलंही नसतं आणि निकाल लागून गेलेला असतो. मग पहिला घोट घेऊन सगळ्यांनी माना डोलवायच्या, कारण साडेतीन हजारांसमोर नाक मुरडायची हिंमत कुणाला होणार? साडेसातशेवालीला मात्र कुणीही काहीही बोलावं. मला याचा मनापासून राग येतो. स्वस्त बाटलीचा अपमान होतो म्हणून येतो, आणि स्वतःच्या जिभेवर अविश्वास ठेवायची सवय लागते म्हणून जास्त येतो.

किंमत चवीत उतरते, हे मोजून झालेलं आहे. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग चालू ठेवून त्यांना वाइनचे घोट दिले. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून दिली, एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची जास्त आवडली, आणि सुखाशी संबंध असलेला मेंदूचा भागही तेव्हा जास्त चेतला. म्हणजे ती माणसं खोटं बोलत नव्हती. आकडा ऐकूनच त्यांना सुख झालं होतं. त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला, लेबल झाकून घेतलेल्या सहा हजारांहून जास्त चाखण्यांचा. किंमत माहीत नसताना सामान्य पिणाऱ्यांना महागडी वाइन जास्त आवडलीच नाही, उलट किंचित कमी आवडली. वाइनचं शिक्षण घेतलेल्यांचं थोडं वेगळं निघालं. त्यांना महाग वाइन जरा बरी वाटली. पण आपल्यापैकी किती जणांनी ते शिक्षण घेतलंय? मग आपण पैसे त्यांच्या जिभेचे का मोजायचे?

त्यातून ती महाग बाटली परदेशी असेल तर हिशेब आणखी बिघडतो. बाहेरून येणाऱ्या वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. त्यावर राज्याचा कर, आयातदाराचा नफा, दुकानदाराचा नफा. इटलीत किंवा स्पेनमध्ये कामगार माणूस दुपारच्या जेवणाबरोबर पितो ती चार-पाच युरोची साधी बाटली पुण्याच्या दुकानात दीड-दोन हजारांची होऊन बसते. त्यांची रोजची वाइन आपण समारंभाची म्हणून उघडतो. तेवढ्याच पैशांत नाशिकच्या दोन चांगल्या बाटल्या येतात, आणि त्या बोटीच्या पेटाऱ्यात समुद्रावरच्या उन्हात शिजून आलेल्या नसतात.

नाशिकची स्वस्त वाइन स्वस्त का आहे, हे समजून घेतलं तर तिच्याकडे बघायची नजर बदलेल. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की डावण्या येतो, पुढे भुरी येते, आणि बागायतदाराची झोप उडते. त्यातून वाचलेला माल जानेवारी ते मार्चमध्ये तोडायचा, शक्यतो पहाटे, घड गार असताना. ही खायची द्राक्षं नव्हेत. मणी लहान, साल जाड, आत बिया. एका बाटलीला किलो-सव्वा किलो लागतात.

एवढी मेहनत करूनही पांढरी वाइन स्वस्त देता येते, कारण तिला लाकूड लागत नाही. नव्या फ्रेंच ओकच्या पिंपाची किंमत पाऊण ते एक लाखाच्या घरात जाते. त्यात २२५ लिटर मावतात, म्हणजे ३०० बाटल्या. बाटलीमागे अडीचशे रुपये किंवा त्याहून जास्त नुसत्या लाकडाचे झाले. शिवाय पिंपात वर्षभर पडून राहिलेल्या मालात अडकलेल्या पैशांचं व्याज. चेनिन ब्लाँ हे सगळं टाळते. पोलादी टाकीत गार ठेवून आंबवली, गाळली, बाटलीत भरली, वर्षाच्या आत विकली. चेनिन हे मुळात फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं द्राक्ष. आंबटपणा टिकवण्याचा त्याचा गुण आपल्या उन्हात कामाला आला. माझ्या मते हजाराच्या आतली महाराष्ट्राची सर्वांत प्रामाणिक बाटली चेनिनचीच असते, मग ती गंगापूर धरणाच्या काठची असो, दिंडोरीची असो की सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची.

त्याच किमतीतल्या लाल वाइनबद्दल मी एवढं छातीठोकपणे बोलणार नाही. उन्हाळ्याकडे सरकणाऱ्या दिवसांत द्राक्षात साखर भराभर चढते आणि साल-बियांमधला तुरटपणा मागे कच्चाच राहतो. साखर झाली म्हणून तोडलं तर वाइन कोवळी तुरट लागते, थांबलं तर आंबटपणा निघून जातो आणि जॅमसारखी होते. चांगली लाल वाइन इथे बनते, पण तिला बागेत आणि तळघरात वेळ द्यावा लागतो, आणि वेळेचे पैसे लागतात. म्हणून आठशे रुपये खिशात असतील तर पांढरी किंवा रोझे घ्या. लाल हवीच असेल तर शिराझ घ्या, आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होता. तिथली खोली १६-१८ अंशांची. आपली एप्रिलमधली खोली ३४ अंशांची. त्या तापमानात वाइनमधलं अल्कोहोल तेवढं नाकात चढतं आणि बाकीचं सगळं हरवतं.

दुकानदारांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाटल्या दर्शनी काचेत, पश्चिमेच्या उन्हात उभ्या करणं बंद करा. दिवसभर ऊन आणि रात्री बंद शटरमागची उकड, असे तीन महिने काढलेली चेनिन कुजक्या सफरचंदासारखी लागते. गिऱ्हाईक ती घरी नेतं, तोंड वाकडं करतं आणि म्हणतं, भारतीय वाइन अशीच. दोष उन्हाचा, बदनामी बागायतदाराची. गिऱ्हाइकानेही बाटलीवरचं साल वाचायला शिकावं. जितकी जुनी तितकी चांगली, हे निवडक महागड्या वाइनपुरतं खरं आहे. हजाराच्या आतली पांढरी बाटली सर्वांत ताज्या सालाची मागा, आणि मागच्या फळीवरची, सावलीतली मागा.

आता फेसाळ वाइन, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचा विषय. हिच्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आणि हिच्यावर अन्यायही सर्वांत जास्त. आपल्याकडे फेस दिसला की शॅम्पेन. शॅम्पेन फक्त फ्रान्समधल्या त्या नावाच्या प्रदेशातली. पण त्याच पद्धतीने फेसाळ वाइन बनवण्याची महाराष्ट्राची परंपरा चार दशकांची आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात १९८०च्या दशकात शाम चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने अशा फेसाळ वाइनचा कारखाना उभा केला. इथे ती ‘मार्क्विज द पोंपादूर’ म्हणून विकली गेली आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ म्हणून गेली. पुढे त्यांची कंपनी कर्जाखाली कोसळली. पण पुणे जिल्ह्यातल्या मातीवरची फेसाळ वाइन लंडनच्या टेबलांवर पोचली होती, हे कुणी पुसू शकत नाही. मोएट-हेनेसीसारखी बडी फ्रेंच कंपनी २०१३ साली भारतात आपली शाँदाँ घेऊन आली आणि पुढे दिंडोरीत वायनरी उभी केली, तेव्हा अनेकांना नवल वाटलं. नारायणगाव आठवत असतं तर वाटलं नसतं.

बुडबुडे कुठून येतात? साधी वाइन बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा किण्वन होतं. तयार होणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. दाब सहा वातावरणांच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून बराच जास्त. म्हणून ती जाड काच, म्हणून बुचावरची तारेची जाळी. मग मेलेलं यीस्ट हळूहळू बाटलीच्या गळ्याशी आणायचं, गोठवून उडवायचं, थोडी गोडी घालायची आणि पुन्हा बूच लावायचं. साध्या शॅम्पेनला तळघरात किमान १५ महिने काढावे लागतात. स्पेनची कावा हेच सगळं किमान ९ महिन्यांत करते आणि फार कमी पैशांत विकली जाते. इटलीची प्रोसेको दुसरं किण्वन मोठ्या टाकीतच उरकते, म्हणून आणखी स्वस्त पडते. टाकीतली म्हणजे हलकी, असं समजू नका. टाकीतल्या वाइनमध्ये फळाचा ताजा वास जास्त राहतो, बाटलीतल्या वाइनमध्ये भाजलेल्या पावाचा वास येतो. ज्याला पहिला वास आवडतो त्याने दुसऱ्यासाठी जास्त पैसे का द्यावेत?

नाशिकची चांगली ब्रूट, म्हणजे कोरडी, गोडी कमी असलेली फेसाळ वाइन, हजार ते दोन हजारांच्या दरम्यान मिळते. आणि तिचं आपण काय करतो? वाढदिवसाला गदागदा हलवून केकवर, भिंतीवर, एकमेकांच्या तोंडावर उडवतो. ही नासाडी आहे आणि ती धोकादायकही आहे. एवढ्या दाबाने सुटलेलं बूच डोळ्यावर बसलं तर डोळा जातो. बाटली आधी तीन तास फ्रिजमध्ये गार करा. जाळी सैल करताना बुचावर अंगठा ठेवा. बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा. आवाज जितका कमी तितका वायू आत राहिला. उंच निमुळत्या ग्लासांसाठी अडून बसू नका. त्यात वास कोंडतो. घरातला साधा पांढऱ्या वाइनचा ग्लास उत्तम.

आणि तिच्याबरोबर काय खायचं, याबद्दल मला अजिबात शंका नाही. तळलेलं. बटाटेवडा, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, रव्यात घोळवलेली सुरमई, बोंबील. आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. लोक तिच्याबरोबर चॉकलेट केक खातात तेव्हा मला वाईट वाटतं. केकच्या गोडीपुढे ब्रूट नुसती आंबट लागते, आणि दोष पुन्हा वाइनलाच मिळतो. लेबल वाचताना एक सापळा ध्यानात ठेवा: ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम. तिखट वड्याबरोबर मला दुसरीच जास्त पटते.

गोडावरून आठवलं. गोड वाइन आवडते म्हणायला लोक लाजतात. गोव्याहून आणलेल्या गोड ‘पोर्ट’वर ज्यांची सुरुवात झाली, असे आपल्यात कितीतरी आहेत, आणि आज ते ती आठवण लपवतात. कशासाठी? एकोणिसाव्या शतकात खुद्द शॅम्पेनच आजच्या तुलनेत भयंकर गोड असायची. रशियात जाणारी तर सरबताच्या जवळची. मादाम पोमेरी यांनी १८७४ सालची कोरडी शॅम्पेन इंग्रजांसाठी काढली, तेव्हा ती आवड रुजायला लागली. म्हणजे कोरडी वाइनच उच्च अभिरुचीची, हा नियम जेमतेम दीडशे वर्षांचा आहे, आणि तो विक्रीतून आलेला आहे. तुम्हाला गोड आवडत असेल तर मान वर करून गोड मागा.

आता मत देण्याबद्दल. चार लोकांत वाइनवर बोलायची वेळ आली की शहाणीसुरती माणसं गप्प होतात. एक जण ब्लॅककरंट, गूजबेरी असं काहीतरी सुरू करतो. त्याने ती फळं कधी खाल्लेली नसतात, ऐकणाऱ्यांनीही नसतात, तरी सगळे ऐकून घेतात. कोपऱ्यातल्या मावशी म्हणतात, ‘मला तर हिला ढोबळी मिरचीचा वास येतोय,’ आणि लोक हसतात. हसणारे चूक आहेत, मावशी बरोबर आहेत. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारी पायराझिन नावाची संयुगं सोव्हिन्यों ब्लाँ आणि कॅबर्नेमध्ये खरोखर असतात. सोव्हिन्योंला पेरूचा वास येतो म्हणणाराही बरोबर. गंधकयुक्त संयुगांचा एकच गट दोन्हींकडे सापडतो. शिराझमध्ये मिरी लागते म्हणणाऱ्याचं तर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शिक्कामोर्तब केलं. रोटंडोन हे संयुग काळ्या मिरीत आहे आणि शिराझच्या सालीतही आहे. ज्या नाकाने आयुष्यभर मसाला भाजताना नेमका क्षण ओळखला, भाजीवाल्याकडे शिळी कोथिंबीर बाजूला काढली, त्या नाकाला वाइन कळणार नाही? ते नाक तयारच आहे. त्याला फक्त बोलायची संधी द्या.

ती संधी अशी द्या. चार-पाच घरांनी मिळून हजाराच्या आतल्या तीन बाटल्या आणायच्या, त्यांच्यासोबत एखादी महाग आणि एखादी फेसाळ. वर्तमानपत्रात गुंडाळून आकडे घालायचे. गुंडाळणाऱ्याने ओतायचं नाही. प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं आणि मग बोलायचं. ही अट मोडू देऊ नका, कारण पहिला मोठ्या आवाजाचा माणूस बोलला की बाकीच्यांची जीभ त्याच्यामागे जाते. दोन बोटं ओतलेली पुरे, आणि शेजारी पाण्याचा तांब्या हवाच. वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल असतं. चाखताना ते विसरलं की पाचव्या आकड्यापर्यंत कुणाचंच मत शिल्लक राहत नाही. कागदावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या: कशाचा वास आला, कशाबरोबर खावीशी वाटली, पुन्हा विकत घेणार का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. कागद उघडल्यावर महागडी तिसऱ्या नंबरावर आलेली मी पाहिली आहे, आणि ती आणणाऱ्याचा चेहराही. त्याने पुढच्या वेळी साडेसातशेची आणली. मला तो माणूस तेव्हापासून जास्त आवडायला लागला.

सरकारकडे माझी तक्रार आहे. २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले, शेतकऱ्यांनी वेली लावल्या. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, आणि गदारोळ होताच तो बाजूला पडला. त्या वादात एका बाजूने ‘वाइन म्हणजे दारूच नव्हे’ असं सांगितलं गेलं. हे मला पटलं नाही. वाइन दारूच आहे, तसं सरळ मान्य करून वाद घालायला हवा होता. विरोध करणाऱ्यांची व्यसनाबद्दलची काळजी खरी होती, तिला खरं उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर दिलंच नाही, म्हणून निर्णय टिकला नाही. आज घरच्या जेवणासाठी एक चेनिन हवी असलेल्या बाईला बहुतेक गावांत जाळीमागच्या काउंटरवर, क्वार्टर मागणाऱ्यांच्या गर्दीत हात घालावा लागतो. तिथे कुणी साल विचारत नाही, सावली विचारत नाही. स्वस्त वाइनची चव त्या काउंटरवरच निम्मी मरते.

उरलेली निम्मी रेस्टॉरंट मारतात. दुकानातल्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट दर लावतात आणि वर ग्लासाने मागितली तर चार दिवसांपूर्वी उघडलेली, बारवरच्या दिव्याखाली गरम झालेली वाइन पुढे ठेवतात. ग्लासाने मागवताना ‘ही बाटली कधी उघडली?’ असं विचारा. कालची असेल आणि फ्रिजमधली असेल तर घ्या. वेटर गोंधळला तर बाटली टेबलावर आणून दाखवायला सांगा, आणि वास घेतल्याशिवाय ओतू देऊ नका. वास शिळा आला तर परत पाठवा. त्याचे पैसे द्यायची गरज नाही.